हातभर वाढवलेली गाडी

मला ही गाडी कधीच नको होती. हे आधीच सांगून टाकते, कारण रस्त्याने जाता-येता लोक मला गाडीवाली बाई म्हणून ओळखतात आणि मला तिचं फार कौतुक असेल असं समजतात. कौतुक वगैरे काही नाही. मला तिचा कंटाळा आहे, आणि तो कंटाळा आता माझ्या पाठीत आणि गुडघ्यांत मुक्कामाला आला आहे.

गाडी म्हणजे जुनी डिझेलची व्हॅन. मूळचा रंग पांढरा, आता कुठला म्हणायचा ते बघणाऱ्याने ठरवावं. पुढच्या दोन सीटांच्या मधे इंजिन आणि मागे सगळी मोकळी जागा. त्या जागेत आमची पातेली, कढया, गॅसच्या शेगड्या, भाकरीचे तवे आणि फडक्यांचं बोचकं. माझी जाऊ, गल्लीतल्या दोघी आणि मी, अशा आम्ही चौघी मासवडी-भाकरीच्या ऑर्डरी घेतो. साखरपुडा असो, जावळ असो, नव्या घराची घरभरणी असो, इकडे जुन्नर-आंबेगावात पाहुण्याला मासवडी लागते. आमचं घर कळंबला, त्यामुळे हायवेने खाली-वर कुठेही जायला बरं पडतं. बरं पडतं म्हणजे गाडी चालू झाली तर.

सकाळी उठून आधी चहा नाही, आधी गाडी. पट्टी काढून ऑईल बघायचं, रेडिएटरमध्ये पाणी घालायचं, फिल्टरखालचा स्क्रू ढिला करून डिझेलमध्ये साठलेलं पाणी सोडून द्यायचं, चाकांना एकेक लाथ घालून हवा बघायची. लाथा मी जरा जोरातच घालते. मग किल्ली अर्धी फिरवायची आणि थांबायचं. समोर एक छोटा नारंगी दिवा लागतो. इंजिन आतून तापतंय याची ती खूण. तो दिवा गेल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही, नाहीतर थंडीत गाडी नुसती खोकते, पांढरा धूर सोडते आणि गप्प बसते.

मला गाडी शिकवली ती आमच्या ह्यांनी. पहिल्याच दिवशी मी म्हणाले, "दिवा विझला." तर हे केवढ्याने ओरडले. "सकाळी सकाळी विझला काय म्हणतेस? वाढला म्हण." आमच्या घरात ही रीतच आहे. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. बाजारपेठेतले मारवाडी शेटसुद्धा दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. तर गाडीतला दिवाही वाढायला लागला. "दिवा वाढू दे, मग मार," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की किल्लीला हात लावला की ते आपोआप कानात वाजतं.

दुसरी रीत उताराची. सेल्फचा भरवसा नाही, म्हणून गाडी कायम उताराला तोंड करून लावायची, म्हणजे वेळ पडली तर सोडून दिली की घरंगळता घरंगळता चालू होते. कार्याला आलेली माणसं सावली शोधतात, मी उतार शोधते. एकदा एका घरभरणीला यजमानांनी मोठ्या हौसेने मांडवाशेजारी गाडीची जागा राखून ठेवली होती. छान सपाट जमीन. मी गाडी उचलून पार लांब ओढ्याच्या चढावर नेऊन लावली आणि आम्ही चौघींनी पातेली तिथून डोक्यावर आणली. जाऊ म्हणाली, "आपल्या गाडीला सासरची सपाटी चालत न्हाई, हिला म्हायेरचाच उतार लागतो."

गाडी खरी ह्यांची. आधी हे तिच्यातून बाजारला माल न्यायचे, पुढे माझ्या ऑर्डरी वाढल्या तसे माझी पातेली न्यायला लागले. मी कधीमधी चालवायची, ती गावातल्या गावात. दोनेक वर्षांपूर्वी ह्यांच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात आणि डावा पाय गेला. बोलणं राहिलं, थोडं जड झालं. उजवा हात चांगला आहे. डॉक्टर म्हणाले, चालवा यांना, बसू देऊ नका. आता ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाचं ऐकलं नाही त्याला चालवायचं कुणी? लेक आली, रडली, रागावली, परत सासरी गेली. हे पलंगावरून हलले नाहीत.

हलले ते गाडीसाठी. एका सकाळी मी सेल्फ मारत होते आणि ती नुसती घुर्रघुर्र करत होती. मागे बघते तर हे भिंत धरून ओसरीपर्यंत आलेले. "थांब," म्हणाले. "दिवा वाढू दिला न्हाईस." दुसऱ्या दिवशी मी शेवग्याखाली प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. तेव्हापासून रोज सकाळी अंघोळ, दाढी, बटणं लावलेला शर्ट आणि पलंगापासून खुर्चीपर्यंत पाय ओढत चालणं. बटणं लावायला एका हाताने वेळ लागतो, पण मला लावू देत नाहीत. खुर्चीत बसून कान देऊन ऐकणार. गाडी चालू झाली की मान हलवणार आणि मग चहा मागणार. दिवसभरात एवढंच काय ते चालणं. डॉक्टरला मी सांगितलं, तर म्हणाले, चालतंय, कशासाठी का होईना. त्यांना काय जातं म्हणायला? त्या कशासाठी का होईनाला रोज चालू मलाच करावं लागतं.

चालू होऊन भागत नाही. गेल्या वर्षापासून ती एअर घ्यायला लागली. म्हणजे डिझेलच्या पाइपात कुठूनतरी हवा शिरते आणि चालती गाडी आचके देऊन बंद पडते. मिस्त्रीने पाइप बदलले, वॉशर बदलले, फिल्टर बदलला. कुठून हवा घेते ते त्या गाडीलाच ठाऊक. मग एअर काढायची. फिल्टरच्या डोक्यावर एक बटणासारखा पंप असतो. शेजारचा नट ढिला करायचा, तो पंप अंगठ्याने दाबत राहायचा, बुडबुडे जाऊन निव्वळ डिझेल यायला लागलं की नट आवळायचा. ऐकायला सोपं आहे. पण आमच्या गाडीचा फिल्टर इंजिनच्या मागे, खालच्या अंगाला. रस्त्यावर पोतं टाकून, पाठीवर झोपून, वरती हात घालायचा. डिझेल कोपरापर्यंत ओघळतं.

आणि बंद पडायची तीही नेमकी उसाच्या कडेला. आमच्याकडे उसात बिबट्या असतो, ही काय नवलाची गोष्ट नाही. तरी अर्धं अंग गाडीखाली आणि पाय बाहेर, अशा अवतारात तो आठवला की हात भराभर चालतात. जाऊ माझ्या पायांशी उभी राहून पातेल्याच्या झाकणावर पळी बडवायची. येणारे-जाणारे गाड्या हळू करून बघायचे. कुणी विचारलं, "काय झालं, मावशी?" तर जाऊ बडवता बडवताच सांगायची, "काय न्हाई, आरती चाललीय." मलाही खालून हसू यायचं. पण हसूनही दमतं माणूस.

पिंपळवंडीच्या साखरपुड्याला जाताना तेच झालं. आळेफाट्याच्या अलीकडे बंद पडली. मी खाली शिरले, एअर काढली, पोहोचेपर्यंत उशीर झाला. पाहुणे येऊन बसलेले. मी हात धुतले. साबणाने धुतले, बेसन चोळून धुतले, लिंबू पिळून धुतले. मग पीठ घाटलं, ओल्या फडक्यावर गरम गरम थापलं, वर तीळ-खोबऱ्याचं सारण पसरलं आणि फडकं उचलून वळी केली. वळी हातानेच दाबावी लागते, गरम असतानाच, तरच तिला माशाचा आकार येतो. हातमोजे घालून बघितले होते एकदा, पिठाला चिकटतात. माझ्या हाताचा दाब बरोबर पडतो म्हणून दाबायचं काम कायम माझ्याकडे.

पंगत बसली. मी रस्सा वाढत होते. एका म्हाताऱ्या पाहुण्याने घास तोंडात घातला, थांबला आणि शेजारच्याला म्हणाला, "घासलेटाचा वास येतोय का रं मासवडीला?"

शेजारच्याने हुंगलं. "येतोय राव."

यजमान बिचारे भले. "न्हाई हो, कशाचा वास? लई झ्याक झालीय," म्हणत पुढे गेले. पण मी बघत होते. लोकांनी रश्श्यात भाकरी चुरून खाल्ली आणि मासवडीच्या फोडी पत्रावळीच्या कडेला सारून ठेवल्या. पत्रावळी उचलताना मी त्या फोडी बघितल्या. एवढी वर्षं लोकांनी बोटं चाटून खाल्लेली माझी मासवडी. मला तिथेच रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला.

घरी आले तर हे ओसरीवर वाट बघत बसलेले. पहिला प्रश्न काय? "एअर घेतली का?"

"गाडीचं विचारता! माझं काय झालं ते विचारा की," मी म्हणाले आणि मागच्या दारी जाऊन पुन्हा हात धुवत बसले.  जावेने सांगितलं असावं, कारण जेवताना हे माझ्या हातांकडे बघत होते.

त्या दिवशी मी ठरवलं, आता बस. गावात छोटे टेम्पो आहेत, सांगितलं की दारात येतात. मी मंचरच्या मिस्त्रीला बोलावलं. हा आमच्या गाडीचा जुना मिस्त्री, मला वहिनी आणि ह्यांना दादा म्हणणारा. तो आला तेव्हा हे खुर्चीत, दाढी केलेली, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मिस्त्री आलाय म्हणजे सर्व्हिसिंगला आलाय, या समजुतीने खुशीत. मिस्त्रीने विचारलं, "बोला वहिनी, काय करायचं हिचं?"

मोडीत काढायची, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. ते मी मनाशी घोकून ठेवले होते. पण ह्यांच्या त्या बटणांकडे बघून तोंडातून निघेनात. मग निघाला तो आमच्या घरातला शब्द.

"भाऊ, आता ही वाढवायची," मी म्हणाले.

"वाढवायची म्हंजी?"

"वाढवायची म्हणजे वाढवायची. तुम्हाला कळतंय."

त्याने माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं आणि मान खाली घालून किल्ली घेतली. गाडी उतारावरून सोडली, तळाला जाऊन ती चालू झाली आणि मंचरच्या दिशेला गेली. हे आवाज जाईपर्यंत ऐकत राहिले. मग उठले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी उठले नाहीत. मी चहा घेऊन गेले, म्हटलं, "अहो, उठा." तर म्हणाले, "कशाला?"

मी चहा उशाशी ठेवून आले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. दाढी वाढली. शर्ट खुंटीला. अंघोळ घातली तर घालून घेतली, नाहीतर तसेच. शेवग्याखालच्या खुर्चीवर पानं पडली आणि एक कोंबडी येऊन बसायला लागली. माझा जीव तुटत होता, खोटं कशाला बोलू. पण मीही हट्टाला पेटले होते. मनात म्हणायची, यांचा पाय हलावा म्हणून मी किती दिवस रस्त्यावर पाठीवर झोपायचं? माझी पाठ कुणाची नाही का? आणि त्याच वेळी सकाळी जाग आली की अंगणात उताराकडे बघायची आणि तिथल्या ऑईलच्या काळ्या डागावर पाणी ओतायची. तो काही निघाला नाही.

मधे एका दुपारी हे फोनवर बोलत होते. हळू आवाजात, बराच वेळ. मला वाटलं लेकीशी बोलतायत, माझी गाऱ्हाणी चालली असतील. मी लक्ष दिलं नाही.

मग मिस्त्रीचा फोन आला. "वहिनी, झालीय. या."

मला वाटलं, भंगारवाला आला. मी पिशवी घेतली आणि एस.टी.ने मंचरला गेले. गाडीत पुढे चिकटवलेला देवाचा फोटो होता, जावेचं फडकं होतं, माझी एक पळी मागे राहिली होती. तेवढं काढून घेऊ म्हटलं. जाऊन बघते तर गाडी धुऊन पुसून उताराला तोंड करून उभी.

"हे काय?" मी म्हणाले.

मिस्त्रीने डावीकडचं दार उघडलं. दोन सीटांच्या मधे इंजिनावर जे झाकण असतं ते त्याने उचललं. फिल्टर वर आला होता. मागे खाली लपलेला तो मेला फिल्टर आता डाव्या सीटवर बसलेल्या माणसाच्या उजव्या हाताशी, एका पट्टीवर बसवलेला. डिझेलचा पाइप लांबवून तिथपर्यंत आणलेला. नटाच्या जागी एक छोटी चावी, आणि तिच्यातून निघालेली बारीक नळी एका बाटलीत सोडलेली. झोपायला नको, पाना नको. बसल्या जागी चावी फिरवायची आणि पंप दाबायचा.

"मला वाटलं व्हतं तुमी मोडीचं म्हणताय," मिस्त्री म्हणाला. "गिऱ्हाईक बी बघितलं व्हतं. पण दादांचा फोन आला. म्हणले, तुज्या वहिनीनं वाढवायला सांगितलीय ना, मग वाढव. मी म्हणलं, किती वाढवू? तर म्हणले, हातभर. माज्या उजव्या हाताला पुरंल इतकी."

 मला राग आला, चांगला मस्तकापर्यंत. दोन पुरुषांनी मिळून माझा शब्द उचलला आणि त्याचा आपल्याला हवा तो अर्थ लावला. मी गाडीत बसले, दार आपटलं, दिवा वाढेपर्यंत थांबले, सेल्फ मारला. एका फटक्यात चालू झाली, दुष्ट.

हे ओसरीवर उभे होते. भिंत धरून. दाढी केलेली, गालाला एका ठिकाणी कापलेलं.

"मला काय म्हणायचं होतं ते तुम्हाला कळलं नव्हतं?" मी गाडीतूनच विचारलं.

"कळलं व्हतं."

"मग?"

"मोड म्हणाली असतीस तर मोडली असती," हे म्हणाले. बोलायला वेळ लागतो ह्यांना, शब्द शोधून आणतात. "तू वाढव म्हणालीस."

मी उतरले नाही. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून बसून राहिले. भांडायला खूप काही होतं, पण अंगात त्राण नव्हतं. आणि ह्यांच्या गालावर रक्ताचा ठिपका होता, तो पुसायला कुणीतरी उठायलाच हवं होतं.

पुढची ऑर्डर निमगाव सावाची, एका जावळाची. हे गाडीत बसले. वारं गेल्यापासून पहिल्यांदा. चढायला जो वेळ लागला त्यात आमची सगळी पातेली भरून झाली. जाऊ मागून ढकलत होती आणि म्हणत होती, "भावजी, उताराला लावून सोडू का तुमाला बी?" हे हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

नारायणगाव ओलांडल्यावर गाडीने आचका दिला. मी कडेला घेतली, सवयीने पोत्याकडे हात गेला. "बस," हे म्हणाले. झाकण उचललं, चावी फिरवली आणि पंप दाबायला लागले.  मधेच थांबत होते, दम घेत होते, पुन्हा दाबत होते. मी केलं असतं तर केव्हाच झालं असतं. मी दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला. नळीतले बुडबुडे संपले. ह्यांनी चावी बंद केली.

"लाव."

मी किल्ली अर्धी फिरवली. दिवा लागला. दोघं त्याच्याकडे बघत बसलो.

"वाढला," हे म्हणाले, आणि मी सेल्फ मारला.

निमगावात मी वळ्या दाबताना मधेच हात नाकाशी नेऊन बघितला. तिळाचा, लसणाचा वास. दुसरा कसलाही नाही. पंगतीत कुणी काही बोललं नाही, पत्रावळी रिकाम्या उठल्या. मला आनंद झाला का? झाला असेल. पण खरं सांगते, मला जास्त आठवतं ते दमणं. पाय सुजले होते, परत जायचा रस्ता समोर होता, आणि घरी गेल्यावर ह्यांना उतरवायचं होतं.

यजमानीणबाईने ह्यांच्यासाठी ताट भरून गाडीपाशी पाठवलं. हे ताट मांडीवर घेऊन नुसतेच बसलेले. मी जवळ गेले, म्हटलं, जेवत का नाही? ह्यांनी उजवा हात माझ्यापुढे केला. अंगठ्यापासून मनगटापर्यंत डिझेल. पाण्याने धुतला होता, पँटला पुसला होता. वास जात नव्हता. आणि डाव्या हाताचा तर उपयोगच नाही.

भोवती माणसं होती. जावळाची, मानपानाची, नवी लुगडी नेसलेली. चारचौघांत नवऱ्याला घास भरवायची आमच्यात पद्धत नाही. मी ताट घेतलं, गाडीच्या पायरीवर टेकले, मासवडीची फोड मोडून रश्श्यात बुडवली आणि ह्यांच्या तोंडात घातली. हे चावत राहिले, डोळे मिटून. मला वाटलं आता काही मोठं बोलतील.

ताट संपलं तेव्हा डोळे उघडले आणि म्हणाले, "वाढ की अजून."

मी गुडघ्यावर हात टेकून उठले आणि वाढून आणलं.